मोरीतली ओढ

तो मोबाइलचा दिवा विझवा आधी, डोळ्यांवर येतोय. हं... तर हे घडलं आमच्या भाऊजींच्या घरी. ताईचे यजमान. सरळ माणूस, थापा मारायलाही त्यांना जमत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. शनिवारची रात्र, साडेदहाचा सुमार. भाऊजी प्लंबर शोधत होते. मोरी तुंबलेली, घाण पाणी उलटं वर येत होतं. पलीकडच्याच खोलीत त्यांची आई. पायाचं ऑपरेशन होऊन दुपारीच घरी आणलेली, जखम अजून ओली. आणि पाणी खोलीच्या उंबऱ्याला टेकलेलं.

आधी एक जण तार घालून गेला, ती आतच तुटली. दुसऱ्याने कसलीशी पावडर ओतली आणि गेला तो गेलाच. शेवटी ताईने औषधाच्या दुकानदाराकडून एक नंबर मिळवला. "माणूस शब्दाचा पक्का आहे म्हणाले."

पक्काच निघाला. अर्ध्या तासात दारात हजर. जाडजूड, हसरा. बरोबर जोरात पाणी मारायचं प्रेशरचं मशीन आणि तारेचं अस्तर असलेला जाड पाइप.

"आजी, तुम्ही निवांत झोपा," दारातूनच तो म्हणाला, "सकाळी मोरीत चेहरा दिसेल!"

ताईला त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं.

मशीन घरघरायला लागलं. पाइप मोरीत सरकू लागला. हातभर... दोन हात... मग प्लंबरने ढकलणं थांबवलं.

पाइप थांबला नाही.

"आत उतार असेल," भाऊजी म्हणाले.

"उतार ओढत नाही, साहेब."

दोघांनी पाइप घट्ट धरला. ओढ वाढली. हिसका नाही... सावकाश. विहिरीतून कुणी दोर ओढावा, तशी.

तेवढ्यात पलीकडून आईचा आवाज.

"अरे, खाली कोण ठोकतंय?"

मशीनच्या आवाजात यांना काहीच ऐकू येत नव्हतं. प्लंबरने मशीन बंद केलं.

मग आलं ऐकू.

फरशीखाली. ठक... ठक... मोरीपासून निघालेलं. आईच्या खाटेकडे चाललेलं.

भाऊजींनी पाइप टाकला आणि धावले. ताईने पाय सांभाळले, त्यांनी खांदे. आईला उचलून थेट अंगणात.

आत प्लंबर एकटा. ताईने दारातून पाहिलं. तो मोरीपाशी वाकला होता. समोर माणूस असावा, तसा हळू आवाजात बोलत होता.

"बंद केलं... नाही मारत आता पाणी. जा तू."



...

मग सगळं पाणी गडगडत एकदम खाली गेलं. मोरी रिकामी.

प्लंबरने पाइप ओढायला घेतला. सैल आला. शेवटाला अडला... जोर लावला, निघाला. टोक पाहून त्याने पाइप तिथेच टाकला आणि तो अंगणात आला.

दुसऱ्या दिवशी मशीन न्यायला आला. पाइप मात्र नको म्हणाला.

मी पाहिलाय तो. हात लावून पाहिलाय. दोघांनी मिळून जोर लावला तरी धड वाकत नाही.

टोकाला गाठ आहे. दुहेरी. आवळून बांधलेली.