काळ्या नाकाची नाव

"हीच ती तस्करांची नाव," कमांडर हॅलोरन म्हणाला.

निदिया आंचुंदियाने फोटो जवळ ओढला. हॅलोरनच्या परदेशी नौदलाच्या विमानातून घेतलेला, बाहेर कुठेही न छापलेला. नावेत तिचा भाऊ एलियो आणि त्याचे दोन साथीदार. मधे चार पिंपं. नावेचं नाक काळं.

पुढच्या फोटोत फक्त धूर होता.

एक्वादोरच्या नौदलात वकील म्हणून निदियाने आयुष्यभर समुद्राचा कायदा सांभाळला होता. निवृत्तीनंतरचं हे पहिलंच प्रकरण, आणि तेही घरचं. बातम्यांनी एलियोला तस्कर ठरवलं होतं. सान होरासियो गावचा पाद्री त्याच्यासाठी प्रार्थना करायलाही तयार नव्हता. तिला भावाचं नाव साफ हवं होतं, आणि परदेशी नौदलाला टीप देणाऱ्याची मान.

"खुल्या समुद्रात बिनझेंड्याची नाव थांबवून तपासायचा आम्हाला हक्क आहे," हॅलोरन म्हणाला.

"तपासायचा. उडवायचा नाही."

"इशारा दिला होता. ते पळाले."

"करडी, वेगवान बोट अंगावर आली की आमच्याकडे सगळेच पळतात. इंजिनं चोरणारे तसेच येतात. टीप काय होती?"

तो घुटमळला. "माणूस सांगता येणार नाही. शब्द सांगतो. काळ्या नाकाची नाव, तीन माणसं, चार पिंपं. विमान त्यानंतर गेलं."

"मग उद्या किनाऱ्यावर या."

सकाळी तिने एलियोच्या बायकोला गाठलं.

"मार्लेने, निघताना नावेत काय काय भरलं होतं?"

"बर्फ, गळाची दोरी, केळ्याचे गोळे, पेट्रोलचे कॅन. हो, काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश. मामंजी नुकतेच गेलेले ना, ताई."

"आणि पिंपं?"

"पिंपं कुठली? कॅनसुद्धा उसने आणलेले."

वाळूवर मासे चिरणं चाललं होतं. हॅलोरन बंदराच्या सार्जंटबरोबर आला. गालो मोंकायो तिथेच बर्फ मोजून घेत होता. तो डोंगराकडचा, लग्न करून गावात आलेला. छोट्या नावांना भर समुद्रात पेट्रोल पुरवणारी मोठी बोट गावात त्याच्या एकट्याकडे होती.

"एलियोला शेवटचं कुठे पाहिलंत?" निदियाने विचारलं.

"इथेच, निघताना. माझी बोट दुरुस्तीला होती, वकीलबाई. नंतर भेट नाही."

"काही बोललात?"

"लांबूनच हात केला. पण मनात चर्र झालं बघा. बाप नुकताच गेलेला, नावेचं नाक काळं केलेलं. अशा वेळी कोणी समुद्रात जातं?"

मासे चिरणाऱ्या सुऱ्या थांबल्या. एक म्हातारा कोळी थुंकला. "एवढी वर्षं इथलं मीठ खाल्लंस. डोंगरी तो डोंगरीच राहिलास."

"का? काय चुकलं?"

"दुखवट्याचा रंग आम्ही किनाऱ्यावर कधीच लावत नाही," निदिया म्हणाली. "तिथे लावला तर मरण घरीच राहतं म्हणतात. पहिला गळ टाकल्यावर, जमीन दिसेनाशी झाली की लावतात. एलियो इथून निळी नाव घेऊन निघाला. काळं नाक पाहायचं तर तुम्हाला समुद्रात जावं लागलं असणार."

गालोच्या हातातला बर्फ खाली पडला.

"पिंपं तुमच्या बोटीवरची. चोर फिरतायत, कुठलीही बोट आली तरी थांबू नकोस, असंही सांगितलं असणार. त्याने विश्वास ठेवला. टीप देऊन सगळ्यांचे डोळे त्याच्यावर वळवून तुम्ही तुमचा तस्करीचा माल दुसऱ्या बाजूने काढलात. खोटं असेल तर सांगा."

"पेट्रोलच होतं त्यात!" गालो किंचाळला. "अडवतील, बघतील, सोडून देतील असं वाटलं. ते मारतील हे मला काय माहीत?"

कोळ्यांनी त्याला उचललंच होतं. पाण्यात फेकायला निघाले होते. मार्लेनेच्या हातात सुरी होती.

"खाली ठेवा," निदिया म्हणाली. आवाज चढला नाही. "सार्जंट, याला थांबवा. झडती घ्या. वकील द्या. सगळं रीतसर, एकही पायरी न गाळता."

मग ती हॅलोरनकडे वळली.

"नीट बघून घ्या, कमांडर. माझ्या भावाला एवढंच हवं होतं. याचा खटला संपला की तुमचा."