शेवटच्या ड्रमातलं हळकुंड

हळद शिजवायचा कुकर पुसेगावच्या आमच्या शेतात आला, त्या सकाळी वाफेतून आधी नुसता आवाज आला. "काडी हाय का कुणाकडं?" मी केसांत खोचलेली काडी काढून दिली. वाफ विरली, तर समोर कुकरवाला सोमेश्वर हसत उभा. सुरुवात एवढीच...

हळद शिजली का, ते काडी टोचून बघतात. अलगद आरपार गेली की झाली. सोमेश्वर रोज कुकरच्या ड्रमातलं गरम हळकुंड या हातातून त्या हातात झेलत आमच्या कच्च्या हळदीच्या ढिगाशी आणायचा. तिथं आम्ही दोघी, मी आणि राजनंदिनी, पहिलीपासून एका डब्यात जेवलेल्या.

"तुमाला कळत न्हाई व्हय?" मी विचारायची.

"कळतं की... पण इथं आलं की बराबर कळतं."

त्या 'इथं'वर मी आठ दिवस तरंगत होते. मी काडी टोचायची, राजी खाली मान घालून हळद मोडायची.

नवव्या दिवशी त्यानं मला बाजूला बोलावलं. उद्या कुकर औंढ्याला निघणार होता.

"राजनंदिनीला इचारता का... मी परत आलो तर चालंल का? ती वर बघतच न्हाई."

म्हणजे तो येत होता तिच्यासाठी, आणि हळकुंडं टोचत होते मी! तिला मी काहीच सांगितलं नाही. उलट तिच्यावरच रुसून दुपारी वेगळ्या झाडाखाली जेवले. तिचा दोष काहीच नव्हता, म्हणून राग जास्तच आला.

"काहून बोलंना झालीस, शिवे?" तिनं विचारलं. मी डबा झाकून उठले.

संध्याकाळी शेवटचा ड्रम उतरला. सोमेश्वर हळकुंड झेलत निघाला. आता गप्प राहिले तर राजीला कधीच कळणार नव्हतं. मी काडी तिच्या हातात ठेवली.

"आज तू बघ. तो रोज तुझ्यासाठीच येऊन राहिला. परत येऊ का, इचारतोय."

राजीनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा चेहरा तिला पाठ होता.

"शिवे... तुला पण—"

"व्हय. मला आवडला. पण त्यानं तुला इचारलं."

तो पोचला. राजीनं काडी टोचली.

"शिजली," ती वर बघून म्हणाली. "या परत."

मी उठायला लागले, तर तिनं दुसऱ्या हातानं माझी ओढणी घट्ट धरलेली. मी पुन्हा बसले.

घरी येऊन पाहिलं, ओढणीवर तिच्या चार बोटांचे पिवळे डाग. हळदीचा डाग उन्हात उडून जातो. मी ओढणी धुतली आणि सावलीत वाळत घातली.