चोवीस शब्द

दहावीला आम्हाला आठवड्यातून दोन तास 'जगाच्या भाषा' हा विषय होता. परीक्षा नव्हती, त्यामुळे मागच्या बाकांवरचे त्या तासाला झोप काढायचे. मी मात्र पहिल्या बाकावर, वही उघडून. वर्गात मला 'डिक्शनरी' म्हणायचे. चिडवायला म्हणत, पण मला ते आवडायचं.

भाषांची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी होती. भिंतीवर जगाचा नकाशा, खिडकीखाली लांब टेबल आणि त्यावर एक टेपरेकॉर्डर. भाषांच्या बाई बारीक चणीच्या आणि मोठ्या उत्साहाच्या. त्यांनी वार्षिक प्रदर्शनासाठी प्रकल्प दिला: घरातली किंवा ओळखीची अशी भाषा शोधा, जी या शाळेत दुसऱ्या कुणालाच येत नाही. बोलणाऱ्याचा आवाज टेप करा, शब्दांची यादी करा, एखादं गाणं किंवा गोष्ट भाषांतर करून आणा. पहिल्या नंबराला भाषा-संस्थेत पुढच्या शिक्षणाची जागा मिळणार होती. राहायची सोय धरून.

ती जागा मला हवी होती. इतकी, की रात्री जेवतानाही माझ्या डोक्यात तीच असे.

अडचण एकच होती. वर्गात एका जहाजाच्या कप्तानाची मुलगी होती, तिच्या घरी तीन भाषा बोलत. वर्गातल्या जुळ्या भावांची आई परदेशातली. आमच्या घरात सगळे एकच भाषा बोलत, आणि तीही गरजेपुरती. वडील कामावरून आले की मुके, आई कामात. राहिली आत्या.

आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण. छापखान्यात मुद्रितं तपासायची. उभ्या आयुष्यात तिच्या हातून चूक सुटली नाही, असं तिथले लोक सांगत. मला अक्षरओळख तिनेच करून दिली. तीन वर्षांपूर्वी तिच्या मेंदूत गाठ झाली, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. म्हणजे आवाज यायचा, तासन्‌तास यायचा, पण त्याला अर्थ नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नुसते आवाज आहेत, लक्ष देऊ नका. आम्ही इमानदारीत ते ऐकलं.

आता पुढचं सांगताना मला आजही मान वर करवत नाही.

एका शनिवारी दुपारी आई बाहेर गेली असताना मी शाळेचा टेपरेकॉर्डर आत्याच्या पलंगाजवळ ठेवला आणि बटण दाबलं. आत्याने यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला लागली. सुरुवातीला जोरात, मग हळू. टेपची एक बाजू संपेपर्यंत बोलत राहिली. मी मान डोलावत होते, मुलाखत घेणारे डोलावतात तशी.

नियम असा होता की प्रत्येक टेपच्या सुरुवातीला विद्यार्थ्याने स्वतःचं नाव, इयत्ता आणि बोलणाऱ्याशी असलेलं नातं सांगायचं. त्यासाठी आधी थोडी टेप कोरी सोडायला बाईंनी बजावलं होतं. मी विसरले. टेप एकाच्या वाट्याला एकच. म्हणून मी ती मागे नेली आणि आत्याच्या पहिल्या काही वाक्यांवरच माझं निवेदन बोलून टाकलं. वक्तृत्व स्पर्धेत बोलतात तशा खणखणीत आवाजात. घड्याळ लावलं तर अकरा सेकंद भरतात.

मग मी तिच्या आवाजांतून वेगळे काढता येतील असे चोवीस तुकडे निवडले आणि त्यांना मनाला येतील ते अर्थ दिले. 'तोमे' म्हणजे पाणी. 'साद्रू' म्हणजे दार. 'इल्वा' म्हणजे मुलगी. 'हुमी' म्हणजे नको. त्यातून एक गाणं तयार केलं: पाणी बोलावतंय, दार उघडं आहे, हात दुखेपर्यंत कुणीतरी वाट पाहतंय. भाषा आत्याच्या सासरच्या डोंगराळ मुलुखातली, असं ठोकून दिलं. आत्याचं लग्नच झालं नव्हतं. अर्जावर 'बोलणाऱ्याची संमती' अशी ओळ होती. मी आत्याचा डावा अंगठा शाईत बुडवून तिथे टेकवला. तिने हात मागे ओढला होता. ठसा फराटलेला आला.

पहिला नंबर मला मिळाला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी त्या शनिवारपासून आत्या गप्प झाली होती. आवाज नाही, कण्हणं नाही. आई म्हणाली, "बरं झालं बाई, शांत झाली बिचारी." मलाही बरंच वाटलं, अभ्यासाला शांतता मिळाली म्हणून.

प्रदर्शन पंधरा दिवस राहणार होतं. त्याच काळात शाळेतल्या जुन्या वेताच्या खुर्च्या विणायला एक बाई आली होती. साठीची असेल. जिन्याच्या तोंडाशी बसकर टाकून, भिजवलेल्या वेताची बादली शेजारी ठेवून ती दिवसभर विणत बसायची. आमच्या खोलीतल्या टेपा आळीपाळीने लागत, ते तिच्या कानांवर पडत असे.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी माझी टेप लावली आणि दाराशी आले. खुर्च्यावालीचे हात थांबले होते. वेताची पट्टी अर्धी ओवून तशीच लोंबत होती. ती टेपकडे बघून, अगदी हळू आवाजात, काहीतरी म्हणाली. टेपवर आत्या क्षणभर थांबली. खुर्च्यावाली पुन्हा काही बोलली. आत्या पुन्हा बोलायला लागली.

हा योगायोग आहे, असं मी स्वतःला सांगितलं. बोलणारा माणूस श्वास घ्यायला थांबतोच.

टेप संपल्यावर तिने मला हाक मारली. "पोरी, कोण गं ही?"

"माझी आत्या."

"आईनंतर आम्ही दोघी बहिणीच बोलायचो हे. बहीण जाऊन एकोणीस वर्षं झाली. मला वाटलं, संपलं आता." तिने पदराने नाक पुसलं. "कुठली गं तुझी आत्या?"

मला खरं सांगून टाकायचं होतं. शिक्षकांना सांगता आलं नसतं, पण हिला सांगता येईल, असं वाटलं. मी सांगितलं. आत्या याच शहरात जन्मली, तिला भाषाबिषा काही येत नाही, ते नुसते आवाज आहेत, अर्थ सगळे मी बनवलेत.

ती रागावली नाही. तिला माझं म्हणणं पटलंच नाही. भिंतीवरच्या माझ्या तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मला वाचता येत नाही. तू नुसता शब्द वाच. अर्थ वाचू नकोस."

मी वाचलं, "तोमे."

"पाणी."

"साद्रू."

"दार."

"हुमी."

"नको. नको म्हणताना म्हणतात तसं."

मी चोवीस शब्द वाचले. चोवीसही अर्थ तिने बरोबर सांगितले. घंटा झाली, मुलं जिन्याने वर आली, कुणीतरी माझ्या वेणीला हिसका दिला. मी तशीच उभी.

"पण तू लिहिलंयस ते गाणं कुठलं?" खुर्च्यावाली म्हणाली. "बाईंनी काल सगळ्यांना वाचून दाखवलं ते? गाणं नाही ते. ती मागतेय. पाणी द्या म्हणते. दार उघडं ठेवा म्हणते, कोंडल्यासारखं होतं. हात दुखतोय, तो उशीवर ठेवा म्हणते. तेच ते, पुन्हा पुन्हा. तुम्ही देत नाही का तिला पाणी?"

आत्याच्या खोलीचं दार आम्ही बंद ठेवत असू. आवाज बाहेर येऊ नये म्हणून.



"आणि सुरुवात कुठाय?" तिने विचारलं. "कुणाला तरी हाक मारून ती काही सांगायला लागलीय, असं वाटतं. पण मध्येच तू येतेस, नाव न्‌ गाव सांगत. त्याच्या खालचं कुठाय?"

"पुसलं गेलं," मी म्हटलं. पुसलं, असं म्हणायला हवं होतं.

संध्याकाळी घरी जाऊन मी आत्याला पाणी पाजलं. भांडं रिकामं झालं, दुसरं दिलं, तेही झालं. दार उघडं ठेवलं. हात उशीवर ठेवला. आई म्हणाली, "आज काय एवढा पुळका?" आत्या माझ्याकडे बघत होती. चूक सापडली की ती कागदावरून नजर उचलून बघायची, तसं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी खुर्च्यावालीला घरी नेलं. ती पलंगाच्या कडेवर बसली, आत्याचा हात हातात घेतला आणि त्या भाषेत बोलत राहिली. मला चोवीसांतले चार-पाच शब्द तेवढे कळले. आत्याने तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली. आवाज आला नाही. श्वाससुद्धा ऐकू आला नाही.

खुर्च्यावाली बराच वेळ तिच्या ओठांकडे पाहत राहिली. मग तिने आत्याचा हात हळूच पुन्हा उशीवर ठेवला.

दारात चपला घालताना ती म्हणाली, "आता इथे काही नाही. तुझ्या त्या यंत्रात असेल तेवढंच."

खुर्च्या अर्ध्या विणायच्या राहिल्या होत्या. ती परत शाळेत आली नाही.

मी बाईंकडे दोनदा गेले, सगळं सांगून टाकायचं ठरवून. दोन्ही वेळा त्यांनी संस्थेचे कागद पुढे केले आणि मी सह्या केल्या. सांगायचं तरी काय होतं? खोटं बोलले म्हणावं, तर ते खरं निघालं होतं. खरं म्हणावं, तर कुणाच्या जिवावर? मी संस्थेत गेले. दोन वर्षांनी आत्या गेली, तोवर एक अक्षर तिच्या तोंडून निघालं नाही.

आज मी कोर्टात दुभाषी आहे. सव्वीस वर्षं झाली. समोरचा माणूस काय म्हणाला ते मी दोनदा विचारून घेते, वकील कंटाळतात. मी फार काटेकोर आहे, अशी माझी ख्याती आहे. ते ऐकलं की मला अंगावरचं कापड सरकल्यासारखं होतं.

गेल्या महिन्यात टपालाने पाकीट आलं. भाषांच्या बाई आता खूप थकल्यात. घर आवरताना त्यांना माझी टेप आणि अर्ज सापडला. सोबत चिठ्ठी: 'तुझी पहिली कामगिरी. तुझ्याजवळ असावी.' अर्जावरचा फराटलेला ठसा तसाच होता, फक्त शाई तपकिरी झाली होती.

कोर्टाच्या जुन्या सामानात एक टेपरेकॉर्डर मिळाला. जेवणाच्या सुट्टीत, दार उघडं ठेवून, मी टेप लावली.

आधी खरखर. मग माझं निवेदन. पंधरा वर्षांच्या मुलीचा खणखणीत आवाज.

नाव नव्हतं. इयत्ता नव्हती.

मी टेप मागे नेली. पुन्हा ऐकली. घड्याळ लावलं. अकरा सेकंद.

त्यानंतरची टेप कोरी होती, शेवटपर्यंत.

आवाज माझाच होता. भाषा आत्याची. त्यातलं बहुतेक मला कळत नाही, आणि कळणारं माणूस आता मला माहीत नाही. दोन शब्द मात्र ओळखीचे आहेत, तक्त्यावर मीच लिहिलेले. पहिला एकदाच येतो, हाक मारल्यासारखा. इल्वा, मुलगी. मग काही वाक्यं. आणि मग दुसरा, 'नको'चा, सलग सहा वेळा.

हुमी, हुमी, हुमी, असं ती पंधरा वर्षांची मी म्हणते आहे. अगदी स्पष्ट उच्चारात, बक्षीस मिळणार हे ठाऊक असल्यासारखी, हसऱ्या आवाजात.