गरम असताना कापू नये

"ओव्हन आहे का तुमच्याकडे?"

चिक्कीच्या दुकानात असा प्रश्न विचारणारी मी पहिलीच असणार. काउंटरमागच्या मुलाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या ट्रेकडे.

"चिक्की कढईत होते, मॅडम."

"चिक्की नकोय. बटणं भाजायचीयेत."

आता तो काउंटरच्या बाहेरच आला. लोणावळ्यात त्या दिवशी इतकं धुकं होतं की गिऱ्हाइकाचा पत्ताच नव्हता, म्हणून मीही सगळं सांगून टाकलं. पॉलिमर क्लेची, म्हणजे भाजून कडक होणाऱ्या मातीची, बटणं मी घरीच करते. तळेगावच्या शालनमावशींच्या बुटीकने बारा बटणं मागवली होती, माझी पहिलीवहिली ऑर्डर. ती आजच द्यायची, आणि सकाळीच माझ्या ओव्हनने मान टाकली.

"मागे एक पडलाय. बिस्किटांचा प्रयोग फसला आमचा," तो म्हणाला. "मी प्रज्ञेश. पण एक अट... मला सगळं बघायचंय."

"चालेल. मी चैताली. पण नंतर त्यात खायचं काही भाजायचं नाही."

"म्हणजे ओव्हन आता तुमचाच."

बोलण्यात पटाईत होता मेला.

मागच्या कारखान्यात गुळाचा वास कोंदला होता. तिथे कामाला असलेल्या कस्तुराबाई शेंगदाणे पाखडत होत्या. ओव्हन तापेपर्यंत प्रज्ञेशने मला प्रश्नांनी भंडावून सोडलं. ही माती का? भोकं आधीच का पाडता? हे फूल कसलं?

"कारवीचं," मी म्हटलं.

तो बघायला इतका जवळ वाकला की त्याच्या बाहीला चिकटलेले तीळ मला मोजता आले असते. मी उगाचच ट्रे सरळ केला.

अर्धा तास भाजायचं होतं. मध्येच घरून फोन आला, आत रेंज धड नव्हती. "घंटी वाजली की ट्रे बाहेर काढा," असं सांगून मी रस्त्यावर गेले.

परत आले तर माझी बारा गोल बटणं चौकोनी झाली होती. वरून लाटणं फिरवलेलं, कडा सुरीने कापलेल्या, कारवी सपाट.

"हे काय केलंस तू?"

"गार झाल्यावर तुटली असती ना... म्हणून गरम असतानाच..."

"चिक्की गरम हाय तवर कापायची," कस्तुराबाई म्हणाल्या. "धा वर्सं त्येच करतोय. हात थांबत न्हाई त्याचा."

"अरे, क्ले गरम असताना कच्ची असते. तेव्हा हातसुद्धा लावायचा नसतो."

त्याचा चेहरा पडला. "इतके प्रश्न विचारले... हाच राहिला."

मला रडू येत होतं आणि त्याच्याकडे बघून हसूही. कशीबशी रस्त्यावर येऊन मी मावशींना फोन लावला, पण शब्दच फुटेना. मागोमाग आलेल्या प्रज्ञेशने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्पीकर लावला.

"मावशी, बटणं माझ्यामुळे बिघडली. चैतालीची काही चूक नाही. आज पुन्हा करू, उद्या सकाळी मी स्वतः आणून देतो. ऑर्डर मोडू नका."

 

"उद्या दहाच्या आत," मावशी म्हणाल्या. "पण तिच्यासाठी बोलणारा तू कोण रे?"

प्रज्ञेशने माझ्याकडे पाहिलं. मघाचा बोलघेवडा आता बाहीवरचे तीळ झटकत होता.

"ते... अजून ठरायचंय, मावशी."

मी फोन परत घेतला.

"ठरलंय," मी म्हटलं.