खऱ्या आकड्याची पिवळी गाडी

"गाडीच्या डीलरला चार वाजेपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय," पोहण्याच्या कोचबाई म्हणाल्या आणि दिलेली खुर्ची सोडून खिडकीशी गेल्या. तिथून दाराशी. "चारनंतर दुसरं गिऱ्हाईक येतंय."

चौकसबाईंनी घड्याळ पाहिलं. अडीच. खासगी तपासाच्या धंद्यात त्यांना हे नाव पडून वीस वर्षं झाली होती. खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. शेजारी त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त भूगोलशिक्षक, वही उघडून बसले होते.

"गाडी कसली?" भाऊजींनी विचारलं.

"दोन दारांची स्पोर्ट्स. वापरलेली. एक लाख बत्तीस हजार किलोमीटर."

"बाप रे! तीन पृथ्वीप्रदक्षिणा झाल्या की!"

"होऊ देत. तीस वर्षं काठावर उभं राहून शिट्ट्या मारल्या मी. आता कुठं साठलेत पैसे, सगळे हिच्यात जाणार. आणि ही चिठ्ठी बघा, काल गाडी पाहून बाहेर आले तर माझ्या पर्सच्या खिशात खोचलेली."

तपकिरी कागदाचा तुकडा. तीन कडा फाडलेल्या. चौथीवर पट्टीनं आखल्यासारखी पिवळी रेघ. मजकूर एवढाच: 'गाडी घेऊ नका. आकडा खोटा नाही, तरीही घेऊ नका.'

"काल तिथं कोण कोण होतं?"

"डीलर, माझा मुलगा आणि मागच्या शेडमधला रंगारी."

"चला, भाऊजी. टोपी घ्या."

डीलरचा शर्ट त्याच्या गाड्यांइतकाच चकचकीत होता. "बाई, लोक लाखाचे तीस हजार करून विकतात. मी आकड्याला हात लावत नाही. जे आहे ते समोर आहे."

"रंग नवा दिसतो."

"किरकोळ ओरखडे होते. मारून घेतला."

चौकसबाईंनी स्टिअरिंगवरून बोट फिरवलं. चामडं झिजून गुळगुळीत झालेलं. पेडलचं रबर गेलेलं, चालकाची गादी खचलेली. लाखभर किलोमीटर तिथं बसून गेले होते, यात शंका नव्हती.

"भाऊजी, मागे बसा."

"मी? गुडघे कानाला लागतील!"

"तेवढाच व्यायाम."

भाऊजी कसेबसे आत शिरले. "गादी कोरी करकरीत आहे गं! आजवर कुणी टेकलंच नसावं."

"असल्या गाडीत मागे बसतंय कोण!" डीलर हसला.

तेवढ्यात भाऊजींचं पेन पुढच्या सीटखाली घरंगळलं. ते चाचपडू लागले. "गालिच्याखाली आडवा उंचवटा लागतोय. या दारापासून त्या दारापर्यंत. पाइप असेल."

"असेल," चौकसबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा चढवून पुढच्या काचेचा कोपरा पाहिला, मग मागच्या काचेचा. पुढच्या सीटचा सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढून त्याची चिठ्ठी वाचली, मग मागच्याची. दोन्हीकडे छापलेली सालं भाऊजींच्या वहीत गेली. पुढे जुनं, मागे दोन वर्षांनी नवं.

"काच फुटली असेल, बदलली असेल," भाऊजी पुटपुटले.

कोचबाईंचा मुलगा, चष्म्यांचा दुकानदार, फोन कानाला लावून फेऱ्या मारत होता. "विरोध आहेच माझा," तो म्हणाला. "पण चिठ्ठी कशाला लिहू? घरी रोज तासभर बोलतोय. ते चिठ्ठीत मावेल का?"

मागच्या शेडमध्ये रंगारी एका गाडीच्या काचेवर रंग उडू नये म्हणून तपकिरी कागद चिकटवत होता.

"पिवळीला किती दिवस लागले?"

"नऊ," तो म्हणाला. मग चौकसबाईंच्या खांद्यावरून डीलरकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

चाराला दहा कमी. कोचबाईंनी गाडीला सातवी फेरी मारली. "बाई, घेऊ की नको?"

"बसा, सांगते."

"नाही बसवत."

"मग उभ्यानं ऐका. आकडा खरा आहे. पण तो या अर्ध्याच गाडीचा आहे."

डीलरचं हसू विझलं.

"पुढचा भाग झिजलेला, मागचा कोरा. एक काच बदलली म्हणावं, तर मागचे पट्टेही दोन वर्षांनी नवे. काच फुटली म्हणून कुणी पट्टे बदलत नाही. आणि किरकोळ ओरखड्यांना नऊ दिवस लागत नाहीत. भाऊजींच्या हाताला लागला तो पाइप नव्हता, वेल्डिंगचा जोड होता. एका गाडीला मागून ठोकलं, दुसरीला पुढून. दोघींचे धड राहिलेले अर्धे भाग जोडले आणि वरून पिवळा रंग. आकडा पुढच्या अर्ध्याबरोबर आला."

"मग कमी का नाही केला?" मुलानं विचारलं.

"गिऱ्हाईक घाबरतं ते लहान आकड्याला. मोठा आकडा दिसला की वाटतं, माणूस सरळ आहे. मग गालिचा कोण उचलतो? भर वेगात धडक बसली असती, तर तुमच्या आई पुढे राहिल्या असत्या आणि मागची चाकं वेगळीकडे."

कोचबाईंनी बॉनेटवरचा हात चटका बसल्यासारखा काढला.

"आणि तपकिरी कागद... पिवळी कड..." भाऊजी ओरडले. "म्हणजे चिठ्ठी रंगाऱ्याची!"

"भाऊजी! जन्मात एकदा लवकर कळलं तुम्हाला, तेही नको तेव्हा."

पण रंगारी हात पुसत पुढे आला. "माझीच. जोड दिसू नये म्हणून रंग मीच मारला. कोणी घेतली नसती, तर गप्प बसलो असतो. पण काल या बाई गाडीशी बोलत होत्या हो. लेकीशी बोलावं तशा."

"उद्यापासून येऊ नकोस," डीलर म्हणाला.

"तुम्ही तरी असाल का इथं उद्या?" चौकसबाईंनी फोन काढला. "पोलिसांना गालिचा उचलून दाखवायला कुणीतरी लागेल."

मुलानं सुटकेचा श्वास टाकला. "चल आई, घरी."

कोचबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या रंगाऱ्याकडे वळल्या. "तुमच्या हातून न गेलेली एखादी आहे का कुठं? दोन दारांची?"

"आई!"

रंगाऱ्यानं कान खाजवला. "आहे एक. पुलापलीकडच्या दंतवैद्याची. दोन लाख किलोमीटरला टेकलीय. रंग उडालाय, दुसरा गिअर कुरकुरतो. पण नाकापासून शेपटीपर्यंत एकाच आईची."

"पत्ता सांगा," कोचबाई म्हणाल्या.