रिकामी गोळी

काउंटरवर डबी ठेवताना तिचे कान लाल झाले होते. घड्याळाचे सुटे भाग ठेवायची काचेच्या झाकणाची ती डबी, आणि आत कापसावर एक गुलाबी गोळी.

"ही परत घ्या. तीन महिने बाबा बीपीसाठी घेतायत, आणि ही... जशी गेली तशीच बाहेर आली."

"बाहेर म्हणजे—"

"बाहेर म्हणजे बाहेर. धुतलीय. तीनदा."

औषधवाला हसला नाही. हसला असता तर त्या दुकानाची पायरी ती पुन्हा चढली नसती. मग तिने राहिलेला रागही काढला. माल कमी आहे म्हणून दरवेळी दहाच गोळ्या, दर दहा दिवसांनी चक्कर, आणि वर ही असली गोळी.

यावर त्याने नुसती मान खाली घातली. त्याने गोळी कागदावर ठेवली आणि ब्लेडने मधोमध कापली. आत औषध नव्हतंच. तळाशी नुसता मऊ लगदा.

"औषध पोटात पोचलं," तो म्हणाला. "उरलंय ते टरफल."

ती घड्याळजीची मुलगी. भिंग पर्समध्ये असायचंच. ते डोळ्याला लावून तिने टरफल उलटसुलट पाहिलं, आणि एकदम थांबली. गुलाबी पृष्ठभागावर एक भोक होतं. घड्याळात चाकाचं टोक ज्यात बसतं त्या बारीक खड्याला असतं तसं, नेमकं गोल.

"लेझरने पाडतात," तो म्हणाला. मग चाचरत, "मी फक्त वाचलंय. मला... बघू?"

तिने भिंग त्याच्या डोळ्यापुढे धरलं. त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता. बराच वेळ झाला तरी तो बाजूला होईना, आणि तिचाही हात दुखेना.

मग तिने सहज सांगितलं की बाबांनी उपाय शोधलाय, उद्यापासून गोळी कुटून घेणार. त्याचा चेहराच उतरला. दिवसभराचं औषध एका दमात अंगात जाईल, बीपी धाडकन खाली येईल, माणूस जागच्या जागी कोसळेल, असं त्याने सांगितलं. इतकं बोलताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं. पण बाबा भिंगाखाली दिसेल तेवढंच खरं मानत, डॉक्टरांचंही ऐकत नसत.

"उद्या रविवार," तो म्हणाला. "दुकान बंद. मी येऊ?"

सकाळी आठला तो हजर. बाबांच्या कामाच्या टेबलावर कोमट पाण्याचे तीन ग्लास. शेजारी बाबांनी खलबत्ता आणि आजची गोळी मांडून ठेवलेली.

"बारापर्यंत वाट बघतो," बाबा म्हणाले. "मग कुटतो."

पहिल्या ग्लासात त्याने हळूहळू औषध सोडणारी दुसऱ्या जातीची गोळी टाकली; ती फुगली, तिच्यावर जेलीसारखा थर धरला, आणि ती साबणासारखी बाहेरून झिजू लागली. दुसऱ्यात त्याने कॅप्सूल उघडून शेकडो बारीक मणी सोडले. कुणाचा लेप पातळ, कुणाचा जाड. पातळवाले आधी सुटणार, जाडवाले मागून. तिसऱ्यात बाबांच्यासारखीच एक गुलाबी गोळी. ती ढिम्म.

तिच्या आवरणातून पाणी आत जातं, पण औषधाला बाहेर यायला ते एक भोकच, असं त्याने सांगितलं. तळचा थर पाणी पिऊन फुगतो आणि औषधाला भोकाकडे ढकलतो.

"चावी कोण देतं?" बाबांनी विचारलं.

"पाणी."

बाबा हुंकारले. नऊ वाजले. साडेनऊ.

"बंद पडलंय तुमचं घड्याळ." बाबांचा हात खलबत्त्यावर गेला.

"बारा वाजले नाहीत अजून," ती म्हणाली, आणि स्वतःच चपापली. बाबांना ती कधी उलट बोलत नसे.

दहाला पाच मिनिटं होती, तेव्हा तिलाच आधी दिसला. भोकातून निघालेला पिवळसर धागा... घड्याळातल्या सर्वांत बारीक स्प्रिंगहून बारीक. तुटत नव्हता, घाई करत नव्हता. नुसता येत होता.

बाबा भिंग लावून वाकले. भिंतीवरची सगळी घड्याळं टिकटिकत होती आणि खोलीत तीन माणसं श्वास रोखून उभी होती.

"ना चाक, ना स्प्रिंग," बाबा पुटपुटले. "आणि चाल बघ, पोरी. एकसारखी." आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामात खोड काढलेला माणूस, पण इथे त्यांना खोड सापडली नाही. त्यांनी खलबत्त्याशेजारची गोळी उचलून अख्खी गिळली, मग ते वर पाणी प्यायले आणि खलबत्ता मुकाट्याने स्वयंपाकघरात ठेवून आले.

काम झालं होतं. औषधवाला मात्र उठेना. बारा वाजले, दोन वाजले; तो ग्लासाकडे बघत बसलेला.

"मला पटलंय हो," बाबा म्हणाले. "आता गोळीसाठी कशाला बसलात?"

"गोळीसाठी नाही बसलो," तो म्हणाला, आणि आपल्याच वाक्याने दचकला.

बाबांनी भिंग काढलं, एकदा त्याच्याकडे, एकदा लेकीकडे पाहिलं, आणि आडवं व्हायला आत निघून गेले.

ती वाट बघत राहिली. सकाळपासून तिला वाट बघायची सवयच झाली होती.

"एक सांगायचंय," शेवटी तो म्हणाला. मान खाली. "माल कधीच कमी नव्हता. महिन्याच्या गोळ्या एकदम देता आल्या असत्या. पण मग तुम्ही महिन्याने एकदाच..."

तिसऱ्या ग्लासातला धागा अजून चालूच होता.

"पुढच्या वेळेपासून," ती म्हणाली, "पाचच देत जा."