पिलबाग

शनिवारची सकाळ, जळगाव-धुळे एसटी, आणि खिडकीबाहेर नुसतं धुकं. भाविका फोनवर मैत्रिणीला तावातावानं सांगत होती, "रोज हजेरी लावायला लावणारे गेम माझ्या डोक्यात जातात. आपण खेळतोय की नोकरी करतोय?"

शेजारचा मुलगा हसला. तिनं फोन ठेवल्यावर म्हणाला, "आवाज ओळखीचा वाटतोय... गेमवर मराठीत व्हिडिओ करता ना तुम्ही? चेहरा न दाखवता?"

तिला कोण आनंद झाला. तिचे व्हिडिओ पाहणारा माणूस तिला प्रत्यक्षात पहिल्यांदाच भेटत होता.

त्याचं नाव नवीन. घर मुक्ताईनगरकडे, केळीची बाग. सध्या तो धुळ्यात मेहुण्याच्या मोबाइलच्या दुकानात बसायचा आणि आठवड्याला घरी चक्कर मारायचा. ती दर शनिवारी धुळ्याला कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायला जायची. मग काय, जळगाव स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून तो तिची जागा धरू लागला. एकदा एका बाईंनी तो उचलून विचारलं, "हाऊ रुमाल कोना शे?"

"ती येतेय, अक्का," नवीन म्हणाला. ती म्हणजे कोण, हे बाईंनी विचारलं नाही. मागे उभ्या भाविकाचे कान मात्र तापले.

भांडायला विषय भरपूर होते. फुकटचे गेम बरे की विकतचे, विकत घेतलेला गेम कंपनीनं बंद केला तर तो आपला कसा... 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

"तुला कंपन्यांचा फार पुळका रे."

"गेम करणाऱ्यांनाही पोट असतं, बाई."

एका शनिवारी ती रंगात येऊन तिच्या सगळ्यात गाजलेल्या व्हिडिओबद्दल सांगत होती. "केळीच्या शेतीचा गेम होता. घड कापला तरी झाड उभंच, पुन्हा त्यालाच घड! मी म्हटलं, या गेमवाल्यानं केळी फक्त हातगाडीवर पाहिलीय."

नवीन खिडकीकडे वळला. "तो गेम मी केला होता," तो म्हणाला.

तिनं जीभ चावली.

"मी बरोबरच केलं होतं गं. घड कापला की झाड पाडायचं, बुडाशी फुटलेलं पील राखून तेच वाढवायचं, घरी पिलबाग करतो तसं. कंपनीतले साहेब म्हणाले, झाड पडलं की लोक खेळ सोडतात, उभंच ठेव. ठेवलं."

"आणि कंपनी?"

"बंद पडली. तुझ्यामुळं नाही. आधीच पडायला आली होती."

"इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तू खरं बोलली होतीस. आणि सांगितलं असतं तर... तू माझ्याशी भांडली नसतीस."

त्या दिवशी घरी येऊन तिनं तो व्हिडिओ काढून टाकला. "परत टाक," पुढच्या शनिवारी तो म्हणाला, आणि त्याच दमात बंगळूरला नोकरी लागल्याचंही सांगितलं. पत्त्यांचा गेम करायचा होता. त्या दोघांनाही न आवडणारा.

तो निघाला त्या शनिवारी सकाळी ती धुळे स्टँडवर थांबली. तो पुण्याहून पुढं बंगळूरला जाणार होता; पुण्याच्या गाडीला अवकाश होता. त्यानं तिच्या फोनवर एक गेम टाकून दिला. "घड काप."

तिनं कापला. झाड हळूहळू कलंडलं. मोकळ्या जागेत बोटभर पील उरलं.

"पुढं?"

"थांबायचं. खऱ्या दिवसांनी वाढतं ते. रोज पाणी घालावं लागेल. घड यायला वर्ष."

"रोज हजेरी? असला गेम कोण खेळेल?"

"एकानं खेळला तरी पुरे. घड कापायला मी येईन. मला तू आवडतेस, भाविका... पण जावं लागतंय."

"मलाही तू आवडतोस. हे असं स्टँडवर रडत सांगायचं नव्हतं मला." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "आणि नाहीच आलास तर?"

"तर वाळू दे," तो म्हणाला.

संध्याकाळच्या परतीच्या गाडीत तिच्यासाठी कोणी रुमाल टाकला नव्हता. वाटेतल्या पारोळ्यापर्यंत ती उभीच होती. मग जागा मिळाली. तिनं फोन उघडला. पील सकाळएवढंच होतं. तिनं पाणी घातलं.